मनोरा दिसला की कामाला लागा: पवनचक्की प्रकल्पाला हरकत घेणाऱ्या गावांसाठी

माळावर किंवा डोंगराच्या सोंडेवर एक दिवस बारीक लोखंडी मनोरा उभा राहतो. चारी बाजूंनी तारांनी ताणलेला, अंगावर छोट्या वाट्या गरगरणारा. गावाला वाटते मोबाइलचा टॉवर आला. तो वारा मोजणारा मनोरा असतो आणि वर्ष-दोन वर्षे तो नुसता मोजत राहतो. गावाच्या हातातला खरा वेळ तो हाच. त्यानंतर दलाल येतो, मग इसार, मग पोकलेन, मग खड्डा, मग काँक्रीट आणि सगळ्यात शेवटी क्रेन. बहुतेक गावे क्रेन पाहून जागी होतात. तोवर खरेदीखते झालेली असतात, बँकेचे कर्ज उचललेले असते आणि चर्चा ‘पवनचक्की हवी की नको’ यावरून ‘मोबदला किती’ यावर घसरलेली असते.

उशीर किती महाग पडतो याचे उदाहरण नॉर्वेतले आहे. फोसेन भागात रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांनी पवनचक्क्यांविरुद्ध दावा लढवला आणि ११ ऑक्टोबर २०२१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने परवाने अवैध ठरवले. पण स्टुरहेइया आणि रोआन इथली १५१ यंत्रे तोवर उभी राहून फिरत होती. ती उतरली नाहीत. पुढे २०२३ आणि २०२४ मध्ये भरपाई आणि पर्यायी कुरणांचे करार झाले. देशातल्या सर्वोच्च न्यायालयात जिंकूनही ही गत. तहसील कार्यालयात एक अर्ज देऊन यंत्रे हटतील ही आशा धरू नका.

पुढचा मजकूर महाराष्ट्रातल्या गावांसाठी आहे. ज्या गावाला प्रकल्प नकोच आहे त्याला, आणि ज्याला नीट अटींवर हवा आहे त्यालाही, सुरुवातीची कामे सारखीच करावी लागतात.

जी मागणी करून उपयोग नाही

आधी एक गैरसमज काढू. ‘जनसुनावणी न घेता प्रकल्प आणला’ ही तक्रार जवळपास प्रत्येक निवेदनात असते आणि जवळपास प्रत्येक वेळी ती तिथेच संपते. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत जमिनीवरची पवनऊर्जा नाहीच. म्हणून पर्यावरण मंजुरी लागत नाही, आणि मंजुरीच नाही म्हणून सुनावणीही नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत हा उद्योग पांढऱ्या गटात येतो, तिथेही संमतिपत्राची पायरी नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातली ७० किंवा ८० टक्के जमीनधारकांच्या संमतीची अटही इथे कामाची नाही, कारण सरकार जमीन संपादित करत नाही. कंपनी शेतकऱ्याकडून थेट विकत किंवा भाड्याने घेते.

मग पकड कुठे मिळते? जमिनीचा प्रकार, रस्ता, मुरूम, ओढा, वीजवाहिनी आणि वन. सगळ्या जागा महसुली आहेत, कंटाळवाण्या आहेत, आणि चालतात त्या याच.

पहिला आठवडा: जमिनीची यादी

गाव नकाशा काढा. भूनकाशा संकेतस्थळावर गटांच्या हद्दी दिसतात. तो मोठ्या कागदावर छापून घ्या आणि मनोरा, ओढे, झरे, पाणंदी, गायरान, घरे, मंदिर, वस्त्या पेनने भरा. मग ज्या गटांत दलाल फिरला त्यांचे सातबारा काढा. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो आणि कार्यालयात चालतो. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गावाचे नाव आणि गट क्रमांक टाकून सूची क्रमांक दोन पाहा: कोणी कोणाला, किती क्षेत्र, किती रकमेला दिले हे तिथे उघड असते. दलाल प्रत्येकाला ‘तुम्हालाच सगळ्यांत जास्त भाव दिला’ असे सांगतो, त्यावर याहून स्वस्त औषध नाही.

सातबारावर तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, भोगवट्याचा वर्ग. वर्ग दोन, इनाम, वतन किंवा पुनर्वसनाची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. तलाठ्याकडच्या गाव नमुन्यांशी (तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी आहे, पण गावात तलाठीच चालते) ताडून पाहा: नमुना १-अ मध्ये वनजमिनी, १-ब मध्ये बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनी, १-क मध्ये वर्ग दोनच्या. सातबारावर वर्ग एक लिहिलेले आणि १-क मध्ये तोच गट नोंदलेला, असा फरक सापडला तर लेखी हरकत लगेच द्या.

दुसरी, आदिवासी खातेदार. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला पाच वर्षांपर्यंत भाड्याने द्यायची तरी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. विक्री किंवा त्याहून लांब भाडेपट्टा असेल तर राज्य शासनाची मान्यताही लागते. पवनचक्कीचा भाडेपट्टा पाच वर्षांचा कधीच नसतो. तेव्हा कागद आला की पहिला प्रश्न हाच: शासनाची मान्यता कुठे आहे? ‘नंतर घेऊ’ हे उत्तर मान्य करू नका.

तिसरी आणि सगळ्यांत जास्त गावांत सापडणारी म्हणजे सामायिक क्षेत्र. एका गटावर सात-आठ नावे, बहिणींची नावे ‘इतर हक्कात’ किंवा नोंदलेलीच नाहीत, पुण्या-मुंबईला गेलेला एक भाऊ सही करून मोकळा. अविभाजित हिस्सा विकता येतो, पण घेणाऱ्याला अमुकच कोपरा माझा म्हणून ताबा घेता येत नाही. आधी वाटप व्हायला हवे. खड्डा मात्र अमुक कोपऱ्यातच खणायचा असतो. इथे दिवाणी मनाई मिळण्याची शक्यता बरी असते, पण काँक्रीट पडण्याआधी.

फेरफाराची नोटीस आली की १५ दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. हरकत आली की नोंद तक्रार नोंदवहीत जाते आणि सुनावणीशिवाय प्रमाणित करता येत नाही. तोंडी सांगून आलात तर नोंद होऊन जाते. प्रमाणित झालीच तर प्रांताकडे अपिलाला ६० दिवस आहेत.

औद्योगिक वापराच्या नावाखाली अकृषिक परवानगीची पायरी कंपन्या सहसा टाळतात. जमीन महसूल संहितेचे कलम ४४-अ त्यांना आधी वापर सुरू करून नंतर कळवण्याची मुभा देते. पण त्याच कलमात अट आहे: जमिनीवर निर्वेध हक्क आणि तिथे जायला रीतसर रस्ता हवा. सामायिक गटात हक्क निर्वेध नसतो. पाणंद अरुंद असेल आणि शेजारच्याने संमती दिली नसेल तर रस्ता रीतसर नसतो. हे दोन मुद्दे तहसीलदारांना नेमक्या गट क्रमांकांसह लिहून द्या.

गायरानासाठी वेगळे पत्र करा. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी सामाईक गावजमिनींबाबत निकाल दिला, आणि त्यावरून १२ जुलै २०११ रोजी राज्याचा शासन निर्णय निघाला. खासगी कंपनीला गायरानातून कायमचा रस्ता हवा असेल तर त्या निर्णयाचा हवाला देऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे हरकत घ्या. ‘तात्पुरता रस्ता’ म्हणून ग्रामपंचायतीने मासिक सभेत दिलेली परवानगी म्हणजे गायरानाचे हस्तांतरण नव्हे.

ग्रामसभा

ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला पुढच्या अनेक फायलींना जोडला जातो, म्हणून कंपनी तो सगळ्यांत आधी मिळवते. बऱ्याचदा ग्रामसभेत नव्हे, तर मासिक सभेत, आयत्या वेळच्या विषयात. गेल्या दोन वर्षांची मासिक सभेची आणि ग्रामसभेची इतिवृत्ते मागा. दाखला निघालेला असेल तर कोणत्या ठरावाने, कोणत्या तारखेला, सूचक-अनुमोदक कोण, हे आधी कळले पाहिजे.

ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली तर पुढच्या सभेला गणपूर्तीची अट नसते. नको असलेला ठराव याच फटीतून आत येतो: पहिली सभा माणसे नसल्याने तहकूब, दुसरी सकाळी नऊला पंधरा जणांत उरकलेली. तेव्हा पहिल्याच सभेला माणसे आणा आणि हजेरीवर सह्या करा. त्याआधीच्या महिला सभेत हा विषय घ्यायला लावा. पाणी आणि सरपण कुठून येते हे बायकांना नेमके माहीत असते, आणि ते इतिवृत्तात आले की पुढे उपयोगी पडते.

ठराव ‘प्रकल्पाला तीव्र विरोध’ एवढाच असेल तर कार्यालयात त्याची दखल घ्यायला काहीच नसते. ठरावात गट क्रमांक आणि मोजमाप हवे. नमुना असा:

‘मौजे …, ता. …, जि. … येथील ग्रामसभा ठराव करते की गट क्र. … हे गायरान, गट क्र. … ते … दरम्यानची पाणंद आणि गट क्र. … मधील ओढा यांतून पवनचक्की प्रकल्पासाठी रस्ता, भराव किंवा वीजवाहिनी नेण्यास ग्रामसभेची हरकत आहे. कोणत्याही राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत यंत्र उभारण्यास हरकत आहे. सर्व यंत्रांची, रस्त्यांची आणि वाहिन्यांची जागा दाखवणारा नकाशा अक्षांश-रेखांशासह मराठीत ग्रामसभेपुढे ठेवल्याशिवाय ग्रामपंचायतीने कोणताही दाखला देऊ नये. यापूर्वी दि. … रोजी दिलेला दाखला या माहितीशिवाय दिला असल्याने त्याचा फेरविचार करावा. या ठरावाची प्रत जिल्हाधिकारी, तहसीलदार, गटविकास अधिकारी, महाऊर्जा आणि महापारेषण यांना आठ दिवसांत पाठवावी.’

(महाऊर्जा ही राज्याची नवीकरणीय ऊर्जा संस्था, महापारेषण ही वीज वाहून नेणारी राज्याची कंपनी.) प्रती पाठवायचे काम ग्रामपंचायतीवर सोडू नका. सही-शिक्क्याची नक्कल घ्या आणि स्वतः रजिस्टर पोच देयने पाठवा. पावत्या एका वहीत चिकटवा.

अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातले गाव असेल तर पेसा, म्हणजे तिथल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, लागू होतो. तिथे ग्रामसभेचे वजन बरेच जास्त आहे: गौण खनिजाच्या (मुरूम, दगड, वाळू) परवान्याआधी तिची शिफारस लागते. ग्रामपंचायतीचा ठराव तिच्या जागी चालत नाही. धुळ्यातल्या साक्रीसारख्या तालुक्यात काही गावे अनुसूचित आहेत आणि काही नाहीत, म्हणून आपले गाव यादीत आहे का ते आधी तपासा.

माहितीचा अधिकार: लहान अर्ज, अनेक अर्ज

जोडपत्र ‘अ’, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. लांबलचक अर्ज याच कारणाने परत येतात. म्हणून एका कार्यालयाला एक, असे पाच-सहा अर्ज करा. तहसीलला: अमुक गटांतल्या औद्योगिक वापराच्या सूचना आणि गौण खनिज परवाने. महाऊर्जाला: प्रकल्पाची नोंदणी आणि यंत्रांच्या जागांची यादी. महापारेषणला: जोडणीची मंजुरी आणि वाहिनीचा मार्ग. वनविभागाला: वळतीकरणाचा, म्हणजे वनजमीन प्रकल्पाला देण्याचा, प्रस्ताव. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाला: ग्रामीण रस्ता रुंद करण्याची परवानगी आणि पुलांची भारक्षमता. पोलिसांना: बंदोबस्त कोणाच्या अर्जावरून आणि कोणत्या आदेशाने दिला.

३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. ‘का’ असे विचारू नका, ‘प्रत द्या’ असे मागा. कारण विचारणाऱ्या प्रश्नाला ‘माहिती या व्याख्येत बसत नाही’ हे तयार उत्तर असते.

मुरूम, रस्ता, ओढा

कामाला सुरुवात झाली असेल तर सगळ्यांत लवकर परिणाम इथे दिसतो. हिशोब करून पाहू. आजच्या तीन मेगावॉटच्या आसपासच्या यंत्राचा पाया साधारण २० मीटर व्यासाचा आणि ३ मीटर खोल धरला तर खोदाई ९४० घनमीटर, म्हणजे सुमारे ३३,००० घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे एका पायातून ३३० ब्रास माल. डोंगर कापून केलेल्या रस्त्याचा याहून कितीतरी जास्त.

परवान्याशिवाय काढलेल्या मालावर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि वाहने जप्त होतात. मात्र ‘खड्ड्यातला सगळा माल चोरीचा’ अशी तक्रार करू नका. खोदलेली माती त्याच जागी भरावाला वापरली तर स्वामित्वधन (रॉयल्टी) सरसकट लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात म्हटले आहे आणि कंपनीचा वकील तेच पुढे करील. बाहेर गेलेला माल मोजा: हायवाचा क्रमांक, वेळ, कुठून कुठे, फेऱ्या किती. तीन दिवसांची अशी वही आणि छायाचित्रे जोडून तहसीलदारांकडे पंचनाम्याची मागणी केली की तलाठ्याला जागेवर यावेच लागते. पंचनाम्यात लांबी, रुंदी, खोली टेपने मोजून लिहायला लावा. ‘अंदाजे’ हा शब्द दिसला तर सही करू नका.

रस्त्यामुळे नैसर्गिक ओढा बुजला किंवा शेतात जायची वहिवाट अडली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करा. मुदत सहा महिन्यांची आहे आणि अडथळा झाला त्या दिवसापासून मोजली जाते. हा उपाय स्वस्त आहे आणि दिवाणी दाव्यापेक्षा बराच वेगवान. मुदत हुकली की तहसीलदार हात वर करतात.

पठारावरच्या गावांनी झऱ्यांचे मोजमाप आजच सुरू करावे. सड्यावर मातीचा थर पातळ असतो. पाणी खडकाच्या भेगांतून खाली उतरते आणि सोंडेखाली झऱ्यावाटे निघते. रस्त्याचा चर ते पाणी वरच्यावर वळवतो. साधन एवढेच: १५ लिटरची बादली आणि मोबाइलचे घड्याळ. बादली भरायला किती सेकंद लागले ते दर आठवड्याला एकाच दिवशी लिहा. विहिरींची पाणीपातळी मे अखेरीस आणि ऑक्टोबरात टेपने मोजा. सुरुंग लागणार असतील तर ५०० मीटरच्या आतल्या विहिरींचे कठडे, घरांच्या भिंती आणि बोअरची खोली यांचा पंचनामा आधी करून घ्या. नंतर पडलेला तडा ‘जुनाच होता’ असे म्हटले जाते आणि त्याला उत्तर नसते.

फोटो मूळ मोबाइलमध्येच ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीतून तारीख-जागेची नोंद निघून जाते. न्यायालयात दाखवताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते आणि त्याचा एक भाग फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याने, तर दुसरा तज्ज्ञाने भरून द्यायचा असतो.

घरापासूनचे अंतर

केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत आवाजाच्या कारणाने घरापासून ५०० मीटर अंतर सांगितले आहे. सार्वजनिक रस्ता, इमारत, उच्चदाब वाहिनी यांपासूनच्या अंतरासाठी सूत्र आहे: खांबाची उंची, अधिक पात्यांच्या वर्तुळाच्या व्यासाचा निम्मा भाग, अधिक ५ मीटर. उंची १४० आणि व्यास १४० असेल तर १४० + ७० + ५, म्हणजे २१५ मीटर. या सूचना म्हणजे कायदा नव्हे, म्हणून एकट्या त्यांच्यावर दावा उभा करू नका. ठरावात आणि महाऊर्जाला दिलेल्या पत्रात मात्र त्या वजनदार ठरतात. अंतर नकाशावर मोजताना खांबाच्या मध्यापासून घराच्या भिंतीपर्यंत मोजा. शेतातली वस्ती कंपनीच्या नकाशात बहुधा ‘गोठा’ म्हणून असते. तिथे राहत असल्याचे वीजबिल, रेशनकार्ड, ग्रामपंचायतीच्या नमुना आठचा उतारा जोडा.

आवाजाची मर्यादा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. मोबाइलच्या ॲपवरचा आकडा पुरावा म्हणून टिकत नाही. तो कोणत्या वाऱ्यात, कोणत्या वेळी त्रास होतो हे ठरवायला वापरा आणि मग त्याच वेळी प्रदूषण मंडळाकडून मोजणी मागा. दुपारी बारा वाजता येऊन मोजलेल्या आकड्याने नुकसानच होते.

पात्यांची फिरती सावली सकाळी आणि संध्याकाळी, सूर्य खाली असताना, यंत्राच्या पूर्व-पश्चिमेकडच्या घरांवर पडते. आपल्याकडे तिच्यासाठी बंधनकारक मर्यादा नाही. जर्मनीत वर्षाला ३० तास आणि दिवसाला ३० मिनिटे हा निकष वापरतात. करारात तोच मागा.

तारा

यंत्र शेजारच्या गावात आणि तारा तुमच्या शेतावरून, असे सर्रास होते. कंपनीचा माणूस ‘तारांना संमती लागत नाही’ म्हणतो. ते अर्धेच खरे. विद्युत कायदा २००३ च्या कलम १६४ खाली ज्याला शासनाने अधिकार दिले आहेत त्यालाच संमतीशिवाय काम करता येते. तेव्हा त्या आदेशाची प्रत मागा. आदेश नसेल तर मालकाची संमती घ्यायला हवी.

तारांखालच्या पट्ट्याची रुंदी ३३ केव्हीच्या (किलोव्होल्ट) वाहिनीला १५ मीटर, १३२ ला २७ आणि २२० ला ३५ धरतात. केंद्राच्या जून २०२४ च्या सूचनांत मनोऱ्याच्या पायाखालच्या जमिनीला किमतीच्या २०० टक्के आणि ग्रामीण भागात पट्ट्याला ३० टक्के मोबदला सांगितला आहे. राज्याचा लागू शासन निर्णय तहसीलमधून काढून त्याच्याशी ताडा. समजा २२० केव्हीची वाहिनी शेतातून ३०० मीटर जाते: ३०० गुणिले ३५ म्हणजे १०,५०० चौरस मीटर, सुमारे २.६ एकर. एकरी भाव १० लाख असेल तर पट्ट्याचे मोल २६ लाख आणि ३० टक्क्यांनी पावणेआठ लाखांच्या वर. त्या जागी ‘पीक नुकसानीचे पंचवीस हजार’ घेऊन संमतिपत्रावर सही केलेले शेतकरी गावोगाव आहेत.

वनजमीन असेल तर

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर जिल्ह्याचे नाव टाकून वळतीकरणाचे प्रस्ताव पाहता येतात. पहिल्या टप्प्याची तत्त्वतः मंजुरी म्हणजे काम सुरू करायची परवानगी नव्हे. वनहक्क कायद्याच्या कलम ४(५) प्रमाणे दाव्यांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कसणाऱ्याला हटवता येत नाही, म्हणून वैयक्तिक आणि सामूहिक दोन्ही दावे आधी दाखल करून त्यांची पोच हातात ठेवा. पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात भीमाशंकरजवळच्या पवनचक्की प्रकल्पाबद्दल जे नोंदवले ते वाचण्यासारखे आहे: डोंगर कापून केलेले रस्ते, त्यामुळे दरडी आणि खाली वाहणारा गाळ, वर कंपनीचे नाके आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांनाच डोंगरावर जाण्यास मनाई. असा नाका दिसला की तो कोणत्या आदेशाने लावला हे वनविभागाला लेखी विचारा.

वनमंजुरीविरुद्ध हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात ३० दिवसांत अपील करायचे असते. उशिराचे समाधानकारक कारण दिले तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. वनहक्क कायदा मात्र न्यायाधिकरणाच्या यादीत नाही. त्या मुद्द्यासाठी उच्च न्यायालय. वन्यजीवांचा मुद्दा मांडायचा असेल तर साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरचा २०१८ चा अभ्यास हाताशी ठेवा. तिथे यंत्रांच्या परिसरात शिकारी पक्षी सुमारे चारपटीने कमी आणि त्यामुळे सरडे जास्त आढळले.

कर्ज देणारा शोधा

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाकले की तिच्यावरचे बोजे दिसतात. प्रत्येक प्रकल्पाला वेगळी उपकंपनी असते, तिचे नेमके नाव सूची दोनवरून घ्या. कर्ज जागतिक बँक गटाच्या किंवा आशियाई विकास बँकेच्या पैशातून असेल, तर भारतीय कायदा मागत नाही असे बरेच काही त्या संस्थेचे नियम मागतात: सामाजिक परिणामांचा अभ्यास, स्थानिकांशी सल्लामसलत, तक्रार निवारण यंत्रणा. त्यांच्याकडे तक्रार करायला वकील लागत नाही आणि ती मराठीत लिहिली तरी चालते. कार्बन क्रेडिट घेतले असेल तर ‘स्थानिकांशी चर्चा’ झाल्याचा अहवाल उघड नोंदवहीत असतो. न झालेल्या सभेचे इतिवृत्त तिथे सापडू शकते.

पैसा, पोलीस आणि पाऊस

बोलणी चार भिंतींत, एकट्या माणसाने, रोखीच्या भाषेत कधीच करू नका. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली आणि त्या प्रकरणात पवनऊर्जा कंपनीकडे खंडणी मागितल्याचा आरोप मुळाशी आहे. या पैशाभोवती कोण जमते ते यावरून ओळखा. कंपनीशी प्रत्येक बैठक ग्रामपंचायत कार्यालयात, पाच जणांसमोर आणि इतिवृत्त लिहून घ्या. गावातल्याच कोणी ‘काम चालू द्यायचे तर इतके’ असा आकडा परस्पर टाकला, तर हरकत घेणाऱ्या बाकीच्यांनी त्याच दिवशी लेखी हात झटकावेत. नाहीतर खंडणीच्या गुन्ह्यात सगळ्यांची नावे येतात आणि हरकती बाजूला पडतात.

आंदोलनाआधी जमावबंदी लागू आहे का, हे पोलीस ठाण्यात विचारा. यंत्रापुढे आडवे पडायचे असेल तर स्वतःच्या मालकीच्या बांधावर. सरकारी कर्मचाऱ्याला कोणी हात लावला तर अजामीनपात्र गुन्हा लागतो आणि तो एक धक्का सहा महिन्यांच्या कागदी मेहनतीवर पाणी फिरवतो.

आणि निवेदनात ‘पवनचक्क्यांमुळे पाऊस पळाला’ हे वाक्य नको. सातारा, सांगली, धुळे या भागांत दुष्काळी वर्षांत ही समजूत पसरली होती. पात्यांची टोके दोनशे मीटरच्या आसपास, पावसाचे ढग त्यावर हजारो मीटर उंच वाढलेले. हे एक वाक्य दिसले की अधिकारी बाकीच्या खऱ्या नऊ मुद्द्यांकडे बघत नाही.

गावाने अटींवर होकार दिला तर

एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच हवा. मुखत्यारपत्र देऊ नका. कोऱ्या मुद्रांकावर सही नाही. भाडे दर किती वर्षांनी किती टक्के वाढणार ते आकड्यात हवे. कंपनीने प्रकल्प विकला तर नव्या मालकावर अटी बंधनकारक आहेत, असे स्पष्ट लिहा, कारण प्रकल्प विकले जातातच. ज्याच्या शेतात यंत्र नाही पण आवाज आणि सावली आहे, अशा शेजाऱ्यांसाठी वार्षिक रक्कम ठरवा. गावात फूट पडते ती याच माणसांपासून.

यंत्र काढण्याची अट सगळे विसरतात. वांकुसवडे, चाळकेवाडीकडच्या पहिल्या पिढीची लहान यंत्रे आता आयुष्याच्या शेवटाला आली आहेत आणि केंद्राचे डिसेंबर २०२३ चे धोरण जुनी यंत्रे बदलून मोठी बसवण्याला प्रोत्साहन देते. करारात लिहा: मुदत संपल्यावर किंवा यंत्र सलग बारा महिने बंद राहिल्यावर सहा महिन्यांत खांब उतरवायचा, पाया जमिनीखाली निदान दीड मीटरपर्यंत फोडून काढायचा, वर माती भरायची, आणि त्यासाठी मालकाच्या नावे बँक हमी पहिल्याच वर्षी द्यायची. तीस वर्षांनी ती कंपनी असेलच असे नाही. मोठे यंत्र बसवायचे झाले तर तो नवा करार समजावा, जुन्याची मुदतवाढ नव्हे. नाहीतर ५०० मीटरवर मान्य केलेल्या ५० मीटरच्या खांबाच्या जागी १४० मीटरचा खांब त्याच भाड्यात उभा राहतो.